डोळ्याच्या पडद्याची शीर बंद : ऑपरेशनने ती 'उघडता' येते का?

चष्मेवाला_सदर
"हृदयाची नस बंद झाली तर फुगा घालून उघडतात, मग डोळ्याचीच काऊन नाही?" तपासणीच्या खुर्चीत बसलेला दर दुसरा पेशंट हे विचारतो. "याला ऑपरेशन नसतं, इंजेक्शन घ्या" हे घाईतलं उत्तर अर्धवट आहे. ऑपरेशनं निघाली होती, त्यातली काही मोडीत गेली, काही अजून रोज होतात. कोणतं कशासाठी, आत नेमकं काय करतात आणि काय बिघडतं, हे जाणकारांनी एका जागी लिहावं म्हणून हा धागा. पेशंटच्या मुलालाही कळेल असं लिहा, पण आकडे गाळू नका.

एक खुलासा आधीच. आपल्याकडे सगळ्यालाच 'नस' म्हणतात. इथे रक्त आणते ती धमनी, रक्त परत नेते ती शीर, आणि मेंदूकडे जाणारी ती ऑप्टिक नर्व्ह. धागा शिरेचा आहे. धमनी बंद पडली तर तो तासांचा मामला असतो, ते इथे मिसळू नका.

पडदा_विदर्भ
फुग्याच्या प्रश्नापासूनच सुरू करतो. हृदयाची धमनी साधारण ३ मिलिमीटर रुंद असते. पडद्याची मोठी शीर डिस्कजवळ (नर्व्ह पडद्यातून बाहेर पडते तो गोल) १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा थोडीच जाड. त्यात फुगाही जात नाही, स्टेंटही नाही. शिवाय मुख्य शीर (सेंट्रल, सीआरव्हीओ) जिथे तुंबते ती जागा पडद्यावर दिसतच नाही. धमनी, शीर आणि नर्व्हचे लाखो तंतू डोळ्यामागच्या चाळणीसारख्या पट्टीतून, लॅमिना क्रिब्रोसातून, एकत्र बाहेर पडतात. गुठळी तिथे किंवा तिच्या लगेच मागे धरते. १९८१ मध्ये ग्रीन आणि सहकाऱ्यांनी असे २९ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा गुठळी तिथेच सापडली. जुन्या डोळ्यांत ती घट्ट होऊन तिच्यातून नव्या बारीक वाटाही फुटलेल्या होत्या. हा मुद्दा पुढे लागेल.

फांदीची शीर (ब्रँच, बीआरव्हीओ) तुंबते ती धमनी-शिरेच्या क्रॉसिंगवर. तिथे दोघींना बाहेरून एकच आवरण असतं आणि बहुतेक वेळा धमनी वर, शीर खाली असते. बीपीने धमनी कडक झाली की खालची शीर दाबली जाते. म्हणून बीआरव्हीओ कुठेही होत नाही, क्रॉसिंगवरच होतो, आणि जास्त करून वरच्या कानाकडच्या भागात, कारण तिथे क्रॉसिंग जास्त.

दोन्ही जागा लक्षात ठेवल्या की शीर उघडायची तिन्ही ऑपरेशनं समजतात. एक चाळणीची कड कापतं, दुसरं क्रॉसिंगचं आवरण सोडवतं, तिसरं थेट शिरेत सुई घालतं.

भिवापुरी_मिरची
तिन्ही नीट सांगा ना डॉक्टरसाहेब. कापतात म्हणजे कुठे कापतात? वाचूनच पोटात गोळा आला.

पडदा_विदर्भ
सांगतो. पहिलं रेडियल ऑप्टिक न्यूरॉटमी. २००१ मध्ये ओप्रेमकॅक आणि सहकाऱ्यांनी ११ डोळ्यांवर केल्याचं लिहिलं. त्यांचा विचार असा की डिस्कपाशी डोळ्याच्या पांढऱ्या कवचाची कडी घट्ट असते, तिच्यात सगळं चेंगरतं, तेव्हा कडी एका ठिकाणी चिरून जागा मोकळी करायची. आधी पूर्ण व्हिट्रेक्टमी, म्हणजे डोळ्यात भरलेला जेलीसारखा व्हिट्रस काढायचा. मग चिरण्यापूर्वी सलाइनचा दाब चढवून ठेवायचा, म्हणजे चिरल्यावर रक्त उसळत नाही. मग एमव्हीआर नावाचं टोकदार ब्लेड डिस्कच्या नाकाकडच्या कडेवर, मोठी रक्तवाहिनी चुकवून, तंतूंच्या दिशेत एकदाच आत घालायचं. कानाकडच्या बाजूला हात लावायचा नाही, मॅक्युलाचे (नजरेच्या मध्यभागाचे) तंतू तिकडून येतात. ब्लेड तंतूंना आडवं गेलं तर नजरेच्या कडेचा मोठा तुकडा जातो. बरोबर गेलं तरी थोडा जातोच.

बिघाडांची यादी छोटी नाही : नजरेच्या क्षेत्रात कायमचा डाग, धमनीला इजा, व्हिट्रसमध्ये रक्त, पडदा सुटणं, चिरेच्या जागी खालून नव्या वाहिन्या उगवणं. गंमत अशी की काही डोळ्यांत चिरेपाशी पडद्याची शीर मागच्या कोरॉइडला (रक्तवाहिन्यांच्या थराला) जोडली गेली आणि सूज उतरली. म्हणजे फायदा दाब सुटल्याने झाला की ही आडवाट तयार झाल्याने, यावरच वाद झाला.

चष्मेवाला_सदर
पण २०१३ च्या रोव्हो अभ्यासात न्यूरॉटमीचा निकाल चांगला आला होता ना? मग मोडीत का काढली?

पडदा_विदर्भ
बरोबर, काहीच न केलेल्या डोळ्यांपेक्षा चांगला आला. तुलना होती ती ढोंगी उपचाराशी (नुसता देखावा, औषध नाही) आणि ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडशी. तो छापून आला तोवर अँटी-व्हीईजीएफ (सूज आणि नव्या वाहिन्या आणणारं द्रव्य अडवणारी) इंजेक्शनं रूढ झाली होती. क्रूझ अभ्यासात (२०१०) सहा महिने दर महिन्याला ०.५ मिग्रॅ रॅनिबिझुमॅब दिलेल्या सीआरव्हीओ डोळ्यांना तक्त्यावर सरासरी १४.९ अक्षरं जास्त दिसली, ढोंगी इंजेक्शनवाल्यांना ०.८. बीआरव्हीओच्या ब्राव्हो अभ्यासात १८.३ विरुद्ध ७.३. तीस गेजची सुई टोचून एवढं मिळत असेल तर नर्व्हच्या काठावर ब्लेड कोण लावेल? न्यूरॉटमी फसली असं मी म्हणणार नाही. तिच्यापेक्षा कमी धोक्याचं काही आलं, एवढंच.

दुसरं ऑपरेशन शीथॉटमी. १९८८ मध्ये ऑस्टरलो आणि चार्ल्स यांनी पहिल्यांदा लिहिलं, ओप्रेमकॅक आणि ब्रूस यांनी १९९९ मध्ये १५ डोळ्यांवर. फक्त बीआरव्हीओसाठी. व्हिट्रेक्टमी, मग क्रॉसिंगच्या अलीकडे पडद्याचा वरचा पातळ थर (आयएलएम) चिरायचा, वाकवलेल्या ब्लेडने धमनी अलगद उचलत शिरेपासून आवरण सोडवायचं. धमनी पूर्ण सुटून शिरेवरून वर-खाली हलली की झालं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन वाहिन्या एकमेकींना शिवल्यासारख्या असतात, त्यांच्यामध्ये ब्लेडला जागा शोधावी लागते. शीर फाटली तर रक्त, धमनी फाटली तर त्यापुढचा पडदा मेला.

ओटी_२५गेज
साहेब, टेबलाच्या बाजूने थोडं जोडतो. शीथॉटमीत घात होतो तो बहुतेक व्हिट्रसमुळे. क्रॉसिंगजवळ व्हिट्रस पडद्याला चिकटलेलं असतं. मागचा व्हिट्रस सोडवताना (पीव्हीडी) डिस्कपाशी सक्शन लावून ओढलं आणि क्रॉसिंगवर धागा राहिला, तर ब्लेड लावायच्या आधीच शीर ओढली जाऊन रक्त येतं. म्हणून ट्रायमसिनोलोनचा पांढरा कण टाकून उरलेला थर बघून घ्यायचा. थर रंगवायचा तर ब्रिलियंट ब्लू ०.०२५ टक्के, पाणी बंद करून मॅक्युलावर थोडासा आणि लगेच धुवायचा.

आणि एक टिप्पणी सगळ्याच व्हिट्रेक्टमींसाठी : कॅन्युला (आत जायची बारीक नळी) लिंबसपासून (काळ्या-पांढऱ्याच्या सीमेपासून) ४ मिमीवर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात ३.५ मिमीवर. इन्फ्युजन (आत पाणी सोडणारी नळी) चालू करण्याआधी त्याचं टोक बाहुलीतून प्रत्यक्ष दिसलं पाहिजे. न बघता नळ उघडला आणि टोक कोरॉइडखाली असलं तर पाणी पडद्यामागे जातं आणि केस तिथेच बिघडते. घाईत हीच पायरी गळते.

पडदा_विदर्भ
बरोबर, आणि शीथॉटमीचा खरा घोळही तुमच्या याच मुद्द्यात आहे. पुढे काहींनी फक्त व्हिट्रेक्टमी आणि पीव्हीडी केली, आवरणाला हात लावला नाही, तरी सूज जवळजवळ तेवढीच उतरली. कारण व्हिट्रस गेलं की पाण्यातून पडद्याला ऑक्सिजन जास्त पोचतो आणि सूज आणणारी द्रव्यं साचून राहत नाहीत. मग आवरण सोडवण्याचा धोका कशाला?

तिसरं, शिरेत सुई. वाइस आणि बायनो यांनी २००१ मध्ये २८ सीआरव्हीओ डोळ्यांत डिस्कजवळच्या फांदीत सूक्ष्म काचनळी घालून टीपीए (गुठळी विरघळवणारं औषध) दर मिलीला २०० मायक्रोग्रॅम अशा द्रावणाने डिस्कच्या दिशेने सोडलं, सरासरी सुमारे साडेतीन मिली. फेल्टगेन आणि सहकाऱ्यांनी नंतर हे करून पाहिलं तेव्हा तसा फायदा दिसला नाही, गुंतागुंती मात्र आल्या.

अडचण कुठे? एक, हाताचा नैसर्गिक कंप १०० मायक्रॉनच्या घरात असतो, म्हणजे शिरेच्या रुंदीएवढा. सुई एकदा आत गेली की काही मिनिटं तिथेच राहिली पाहिजे. दोन, वर लिहिलेला ग्रीनचा मुद्दा : औषध ताजी गुठळी विरघळवतं. पेशंट पाच-सहा आठवड्यांनी येतो तोवर गुठळी मांसल झालेली असते, टीपीएला तिथे काम उरत नाही. पहिल्या अडचणीवर बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठाने रोबोट बनवला. २०१७ मध्ये त्यांनी रोबोटच्या साहाय्याने माणसाच्या डोळ्यातल्या शिरेत सुई घालून औषध सोडल्याचं जाहीर केलं, त्यात पहिल्या टप्प्यात चार पेशंट होते. सुई ठरलेल्या जागी काही मिनिटं स्थिर राहिली, म्हणजे यंत्र जमलं. दुसरी अडचण, उशिराची, रोबोटने सुटत नाही.

नाडी_बघा
फिजिशियन आहे, डोळ्यातलं कळत नाही, पण उशिरावर बोलतो. आमच्याकडे लोक येतात तेव्हा एका डोळ्याची नजर धूसर होऊन महिना झालेला असतो, कारण दुसरा डोळा काम चालवत असतो. शिवाय हे दुखत नाही. सकाळी उठल्यावर धूसर दिसलं आणि ते दिवसभर टिकलं की त्याच दिवशी बाहुली मोठी करून तपासणी.

तपासण्या : दोन्ही हातांचं बीपी, साखर आणि एचबीएवनसी, लिपिड, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही बघा, रक्त दाट असेल तर तेही कारण). पन्नाशीच्या आत असेल तर होमोसिस्टीन, बी-१२, अँटिफॉस्फोलिपिड. आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडतं आणि होमोसिस्टीन वाढतं, तो गोळ्यांनी सुटणारा भाग आहे. बाईंना संततिनियमनाच्या गोळ्यांबद्दल विचारा, पुरुषांना घोरण्याबद्दल.

ॲस्पिरिन ज्यांचं हृदयासाठी चालू आहे त्यांचं चालू राहू द्या. पण 'शीर मोकळी व्हावी' म्हणून नवीन सुरू करून काही मिळत नाही. लोक आपल्याआपण घेऊन राहिलेत, तेवढं थांबवा.

भिवापुरी_मिरची
म्हणजे शीर उघडायचं ऑपरेशन आज कोणीच करत नाही? मग व्हिट्रेक्टमी कशाची करतात?

पडदा_विदर्भ
शीर उघडायला नाही, शीर बंद पडल्यावर मागे जे घडतं त्यासाठी. आज ऑपरेशन टेबलावर येणारे आरव्हीओचे (शीर बंद पडलेले, दोन्ही प्रकारचे) डोळे तीनच कारणांनी येतात : रक्त भरलं, पडदा ओढला गेला, काचबिंदू झाला. तिन्ही वेळेवर अडवता येतात, आणि पेशंटला हेच सांगायचं असतं. "शीर उघडा" असा हट्ट धरण्यापेक्षा "माझ्या पडद्याचा किती भाग उपाशी आहे?" हे विचारावं.

उपाशी भाग अँजिओग्राफीत मोजतात. सीव्हीओएस अभ्यासाच्या हिशोबाने सीआरव्हीओत १० डिस्क-क्षेत्रांएवढा किंवा जास्त भाग रक्ताविना असेल तर तो इस्केमिक. रक्त पोचतंय असं सुरुवातीला दिसलेल्यांपैकीही १५ टक्के चार महिन्यांत आणि ३४ टक्के तीन वर्षांत इस्केमिक झाले. म्हणून एक अँजिओग्राफी करून फाइल बंद करायची नसते.

बीआरव्हीओत उपाशी भाग पाच डिस्क-व्यासांहून जास्त असला तर नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि फुटून व्हिट्रसमध्ये रक्त उतरतं. नव्या वाहिन्या दिसताच त्या भागाला लेझर दिला तर रक्त भरण्याचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांवरून ३० वर येतं, हे १९८६ च्या बीव्हीओएस अभ्यासाने दाखवलं. लेझर चुकतो कुठे? पडद्यावर अजून रक्त पसरलेलं असताना घाईने मारतात. रक्त लेझर शोषून घेतं, भाजतो तो तंतूंचा थर, खालची पेशी नाही. रक्त विरेपर्यंत थांबा, साधारण तीन महिने. हिरवा ५३२ नॅनोमीटर, ठिपके एकमेकांपासून एका ठिपक्याएवढ्या अंतरावर, फक्त बाधित भागात.

ओटी_२५गेज
रक्त भरलेल्या डोळ्याची व्हिट्रेक्टमी कशी होते ते क्रमाने लिहितो, लोक तेच विचारतात.

पापणीच्या आत ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, तीन मिनिटं थांबायचं, पापण्यांच्या केसांवर चिकट ड्रेप. डोळा सुन्न करायला लिग्नोकेन २ टक्के, बुपिव्हाकेन ०.५ टक्के आणि हायल्युरोनिडेज, डोळ्याच्या बाजूने. तीन कॅन्युला. इन्फ्युजन खालच्या कानाकडच्या बाजूला, दाब २५ ते ३० (पाऱ्याचे मिलिमीटर). मधला रक्ताळलेला व्हिट्रस आधी, कटर मिनिटाला ५००० कापांच्या वर, सक्शन कमी. मागचा थर सोडवला की त्याखालचं जुनं रक्त बाहेर येतं आणि दोन मिनिटं काहीच दिसत नाही. घाबरून सक्शन वाढवायचं नाही, बॅकफ्लशने स्वच्छ करायचं.

वाहिन्यांचा गुच्छ कापताना रक्त सुटलं तर दाब ६० पर्यंत, अर्धा-एक मिनिट, एवढाच. त्याने थांबलं नाही तर डायथर्मी (वाहिनी विजेने भाजून बंद करणं). दाब चढवून विसरणं ही खरी चूक, धमनीत रक्तच जात नाही. मग एंडोलेझर (डोळ्याच्या आतूनच लेझर), सुमारे २०० मिलिवॅटपासून सुरू, फिक्का पांढरा ठिपका येईल इतकाच. शेवटी कडेचा पडदा दाबून बघायचा, फाटलाय का. पोर्टच्या (कॅन्युलाच्या छिद्राच्या) मागे फाटलेला असला तर तोही लेझर, आणि ती जागा दाबून धरायला हवा किंवा गॅस.

पडदा_विदर्भ
यात एक भर. ऑपरेशनच्या आधी बेव्हॅसिझुमॅब (हेही अँटी-व्हीईजीएफ) १.२५ मिग्रॅ, म्हणजे ०.०५ मिली, दिलं तर गुच्छ सुकतो आणि रक्त कमी येतं. पण गुच्छासोबत पांढरा दोर असेल तर तो औषधाने आकसतो आणि पडदा ओढतो. म्हणून इंजेक्शन दिलं की ऑपरेशन चार-पाच दिवसांत, आठवड्याच्या आतच. इंजेक्शन घेऊन "दिवाळीनंतर बघू" म्हणणारा पेशंट ओढलेला पडदा घेऊन येतो. आधी बीपी आणि भूल-तपासणी, मग इंजेक्शन, मग तारीख, असा क्रम ठेवा. बीपीसाठी तारीख पुढे गेली की इंजेक्शनचा हिशोब चुकतो.

रक्त भरल्यावर किती थांबायचं? सोनोग्राफीत (बी-स्कॅन) पडदा जागेवर असेल तर एक ते तीन महिने, दर दोन-तीन आठवड्यांनी स्कॅन. पडदा सुटला असेल, लेझर आधी झालेलाच नसेल, किंवा बाहुलीच्या कडेवर नव्या वाहिन्या असतील तर थांबायचं नाही.

नाडी_बघा
विदर्भात राहून एक गोष्ट कोणी लिहिली नाही, सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि खुद्द नागपुरातही लक्षणीय प्रमाण आहे. तिशीतल्या पोराच्या डोळ्यात रक्त भरलं आणि बीपी-साखर साफ असेल तर शीर बंद म्हणून पुढे जाण्याआधी सोल्युबिलिटी टेस्ट, आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. सिकल रेटिनोपथी कडेला गुच्छ उगवते आणि बीआरव्हीओसारखी फसवते. रोग नसून फक्त वाहक (एएस) असला तरी ऑपरेशनपूर्वी माहीत पाहिजे.

कोन_मोजा
बरं झालं काढलंत. काचबिंदूच्या बाजूने त्याचं महत्त्व मोठं आहे. ऑपरेशननंतर पुढच्या कप्प्यात थोडं रक्त आलं, तर सिकल पेशी कडक होऊन पाणी जाण्याच्या जाळीत अडकतात आणि दाब झपाट्याने चढतो. त्यातच डोळ्याची नर्व्ह अशा पेशंटमध्ये माफक दाबही सोसत नाही. आपण नेहमीच्या सवयीने ॲसिटाझोलामाइड देतो, आणि ती गोळी रक्त आम्लधर्मी करून सिकलिंग वाढवते. मॅनिटॉलही रक्त दाट करतं. म्हणून टिमोलोल, ब्रिमोनिडीनवर भागवायचं, पाणी-ऑक्सिजन नीट ठेवायचं आणि दाब २४-२५ च्या वर चोवीस तास राहिला तर कप्पा धुवायचा, वाट बघायची नाही.

आता मूळ विषय. सीआरव्हीओनंतरचा नव्या वाहिन्यांचा काचबिंदू. जुने लोक याला '१०० दिवसांचा काचबिंदू' म्हणत, कारण तो साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवतो. तो चुकतो तो आपल्या ओपीडीच्या पद्धतीमुळे. पेशंट आत यायच्या आधीच बाहेर बाहुली मोठी करायचे थेंब पडलेले असतात. बाहुली पसरली की तिच्या कडेच्या बारीक लाल वाहिन्या दिसत नाहीत, आणि पहिल्या खुणा तिथेच असतात. इस्केमिक सीआरव्हीओचा पेशंट पहिले सहा महिने दर महिन्याला थेंबाशिवाय स्लिटलँपवर बघायचा, मग गोनिओस्कोपी (डोळ्यातलं पाणी बाहेर जातं तो कोन आरशाच्या भिंगाने बघणं), मग थेंब. सदरवाले भाऊ, हे तुमच्याच हातात आहे.

चष्मेवाला_सदर
मान्य. फाइलवर लाल शाईने 'थेंब नंतर' लिहायला सुरू करतो. वाहिन्या सापडल्या की मग काय?

कोन_मोजा
बाहुलीच्या कडेवर दोन घड्याळी तासांएवढ्या, किंवा कोनात कुठेही एक जरी दिसली, तर पूर्ण पडद्याला लेझर (पीआरपी), ५०० मायक्रॉनचे १२०० ते १६०० किंवा त्याहून जास्त ठिपके. सीव्हीओएसने हेही दाखवलं की नुसता इस्केमिक आहे म्हणून आधीच पीआरपी मारून वाहिन्या पूर्ण टळत नाहीत. नियमित येणाऱ्याला वाट बघता येते. गडचिरोलीहून दर महिन्याला येणं जमणार नसलेल्याला मी आधीच मारावा या मताचा आहे, इथे सगळे सहमत नसतील.

दाब चढून बुब्बुळ (समोरची पारदर्शक काच, कॉर्निया) धूसर झालं असेल तर आधी बेव्हॅसिझुमॅब, दोन-तीन दिवसांत वाहिन्या आटतात, दाब थोडा उतरतो, आठवड्याच्या आत लेझर. ज्यांनी इंजेक्शनवर खूश होऊन लेझर टाळला त्यांच्या वाहिन्या सहा-आठ आठवड्यांत परत येतात, आणि तोवर कोन चिकटून बंद झालेला असतो.

कोन बंद झाला की पाणी बाहेर काढायला नळी घालावी लागते. अहमद व्हॉल्व्ह, प्लेट लिंबसच्या मागे ८ ते १० मिमीवर, वरच्या कानाकडच्या चतुर्थांशात. बसवण्याआधी नळीतून सलाइन मारून झडप उघडली का ते बघायचंच, झडपेचे पडदे कारखान्यातून चिकटून येतात आणि न बघता बसवली तर नळी असून नसल्यासारखी. पहिल्या एक-तीन महिन्यांत दाब पुन्हा वर जातो, ते अपेक्षित आहे, थेंब चालू करायचे. स्वस्त पर्याय म्हणजे मदुराईच्या ऑरोलॅबची आडी नळी, प्लेट ३५० चौरस मिमी, पण तिला झडप नाही. नळी ६-० व्हिक्रिलने बांधून ठेवतात, धागा पाच-सहा आठवड्यांनी विरतो आणि मग पाणी सुटतं. सैल बांधली तर डोळा दुसऱ्याच दिवशी मऊ पडतो आणि कोरॉइड सुटतं.

पडदा_विदर्भ
माझं थोडं वेगळं मत. धूसर बुब्बुळातून लेझर बसत नसेल तर नळीसोबतच व्हिट्रेक्टमी करून एंडोलेझर एकाच बैठकीत उरकावा. नुसती नळी घातली तर दाब उतरतो, पण मुळातला उपाशी पडदा नव्या वाहिन्या बनवतच राहतो, आणि नळीचं तोंडच रक्ताने बंद होतं.

कोन_मोजा
डोळ्याला नजर उरली असेल तर मान्य. प्रकाशही कळत नसेल तर एवढं मोठं ऑपरेशन का? डायोड लेझरने सिलिअरी बॉडी (डोळ्यात पाणी बनवणारा भाग) भाजून दुखणं थांबवायचं, पुरे.

पडदा_विदर्भ
हो, तिथे वाद नाही.

इतवारी_केमिस्ट
औषधाच्या बाजूने थोडकं. बेव्हॅसिझुमॅब दर मिलीला २५ मिग्रॅ येतं, ४ मिलीची १०० मिग्रॅची बाटली. ती मुळात कर्करोगासाठी असते, डोळ्यासाठी सिरिंजमध्ये वाटून घेतात. कोणी, कुठे आणि कशा निर्जंतुक जागेत वाटलं हाच खरा प्रश्न. एका बाटलीतून दिवसभर सुया खुपसत राहणं हे डोळ्यात पू होण्याचं आमंत्रण आहे. दुसरं, सगळ्या अँटी-व्हीईजीएफला २ ते ८ अंश लागतं. मे महिन्यात ४५ अंशात इतवारीतून धंतोलीला स्कूटरच्या डिक्कीत पिशवी नेऊ नका. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, मधे कापड. औषध थेट बर्फाला टेकलं तर गोठतं आणि गोठलेलं वापरायचं नाही.

भिवापुरी_मिरची
स्टेरॉइडची गोळी डोळ्यात सोडतात म्हणे, ती कशाला?

पडदा_विदर्भ
डेक्सामेथासोन ०.७ मिग्रॅचं विरघळणारं दाण्याएवढं इम्प्लांट. बावीस गेजच्या सुईतून सोडतात आणि ते तीन-चार महिने काम देतं. ज्यांना नुकताच हृदयविकार किंवा पक्षाघात झाला आणि अँटी-व्हीईजीएफ द्यायला मन धजत नाही, किंवा व्हिट्रेक्टमी आधीच झालेली आहे, त्यांच्यासाठी चांगलं. दुसऱ्या महिन्याच्या आसपास दाब सर्वाधिक चढतो, तेव्हा बोलवायचंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात मागची पिशवी फाटलेली असेल तर देऊ नका, दाणा पुढच्या कप्प्यात येऊन बुब्बुळाला भिडतो.

भिवापुरी_मिरची
शेवटचं विचारतो. डोळ्यात गॅस भरलाय, आठ दिवसांनी घरचे चिखलदऱ्याला निघालेत, गाडीतच तर बसायचंय. चालतं ना?

ओटी_२५गेज
नाही चालत भाऊ. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे १,१०० वर. एवढ्या चढात हवेचा दाब जवळजवळ दहाव्या हिश्श्याने उतरतो, आणि डोळ्यातला गॅस तेवढाच फुगतो. डोळ्याला फुगायला जागा नाही, मग दाब चढतो, दुखतं, आणि जास्त चढला तर नर्व्हचं रक्त अडतं. पचमढीलाही तेच. विमान तर नाहीच. २० टक्के एसएफ-६ असेल तर साधारण दोन आठवडे, १४ टक्के सी-३-एफ-८ असेल तर सहा ते आठ आठवडे. बुडबुडा नजरेच्या तळाशी छोटासा दिसू लागला तरी तो पूर्ण गेल्याचं डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नाही. गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरलं असेल तर ही अडचण नाही.

आणि हातात गॅसचा पट्टा बांधला असेल तर तो काढू नका. मधेच दुसऱ्या कशासाठी, हर्नियासाठी म्हणा, पूर्ण भूल द्यावी लागली तर भूलतज्ज्ञाला तोच सांगतो की नायट्रस ऑक्साइड वापरायचा नाही.

भिवापुरी_मिरची
कोणता गॅस भरलाय हे कुठे लिहिलेलं असतं? डिस्चार्ज कार्डावर तर फक्त 'गॅस' लिहिलंय.

ओटी_२५गेज
लिहिलं नसेल तर फोन करून नाव आणि टक्का दोन्ही विचारून घ्या. ऑपरेशनच्या नोंदीत असतंच.